कळीचा मुद्दा मनगटाचा

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. झाकण काही फार घट्ट नव्हतं. उजवं मनगट वळवलं की करंगळीच्या बाजूने एक कळ निघून थेट कोपरापर्यंत जात होती. माझा धंदा भाषांतराचा, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास कीबोर्ड बडवण्याचा. डॉक्टर म्हणाले, टायपिंग कमी करा. न्हाव्याला कात्री कमी चालव म्हणण्यातला प्रकार. मित्र म्हणाले, मेकॅनिकल कीबोर्ड घे. मी घेतला. निळ्या स्विचचा, खटखट वाजणारा, रंगीत दिवे लागणारा. आवाज इतका गोड की दोन दिवस काम नसतानाही टाइप करत बसलो. मनगट मात्र दुखत होतं तसंच दुखत राहिलं आणि घरच्यांनी रात्री दहानंतर कामाला बंदी घातली, ती वेगळीच.

चूक कीबोर्डची नव्हती, माझी होती. ‘मेकॅनिकल’ आणि ‘एर्गोनॉमिक’ हे शब्द जाहिरातीत जोडीने फिरतात, त्यामुळे एकाच गोष्टीची दोन नावं वाटतात. मेकॅनिकल म्हणजे कळीच्या खाली काय आहे. एर्गोनॉमिक म्हणजे कळ कुठे आहे. दुखण्याचा संबंध मुख्यतः दुसऱ्या गोष्टीशी असतो आणि पैसे आपण पहिलीवर उधळतो.

हे पटवून घ्यायला काहीच विकत घ्यावं लागत नाही. खुर्चीत बसा आणि दोन्ही हात टेबलावर सहज टाका. हातांमध्ये खांद्यांइतकं अंतर राहतं, तळवे एकमेकांकडे थोडे कललेले असतात, मनगट सरळ असतं. आता तेच हात लॅपटॉपवर न्या. दोन्ही हात मधे येतात, तिरपे होतात, आणि बोटं कळांवर सरळ बसवण्यासाठी मनगटं करंगळीच्या बाजूला मोडावी लागतात. शिवाय तळवे पूर्ण पालथे करताना कोपराखालच्या हातातली दोन हाडं एकमेकांवरून जातात आणि तशीच पिळलेली राहतात. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय उघडले, की मनगट वरच्या बाजूलाही वाकतं. ते पाय कशासाठी दिलेत हे मला आजवर कळलेलं नाही. उघडे असतील तर आजच मिटा, फुकटचा उपाय आहे.

तीन दोष, तीन उपाय. कीबोर्ड दोन भागांत तोडला की पहिला दोष जातो. दोन्ही भाग मधल्या बाजूने तंबूसारखे उचलले की दुसरा कमी होतो. मागची बाजू खाली ठेवली की तिसरा. यातलं काहीही नवीन नाही. जर्मनीत क्लोकेनबर्गने १९२६ सालीच तुटक कीबोर्ड सुचवला होता, क्रोमरने १९७२ मध्ये त्याचा नीट अभ्यास मांडला. इंग्लंडमध्ये लिलियन मॉल्ट आणि स्टीफन हॉबडे यांनी सत्तरच्या दशकात खोलगट वाटीसारखा माल्ट्रॉन बनवला. अमेरिकेत कायनेसिसने १९९२ मध्ये तसाच कीबोर्ड बाजारात आणला. मायक्रोसॉफ्टच्या १९९४ च्या ‘नॅचरल’ कीबोर्डमुळे हा वाकडा आकार कचेऱ्यांपर्यंत पोचला.

मग सरळ कीबोर्ड टिकला कसा? सवयीने. क्रिस्टोफर शोल्सचं जे यंत्र रेमिंग्टनने १८७४ मध्ये बाजारात आणलं, त्यात प्रत्येक कळीखाली एक पट्टी मागे जायची. पट्ट्या एकमेकींना अडू नयेत म्हणून ओळी थोड्या थोड्या सरकवल्या होत्या. आज लॅपटॉपमध्ये पट्टी नाही, ओळी मात्र तशाच सरकलेल्या. आपल्याकडे गोदरेजने १९५५ पासून बनवलेल्या टाइपरायटरांवर तीच रचना आली आणि तालुक्याच्या टायपिंग क्लासमधून दोन-तीन पिढ्यांच्या बोटांत उतरली. त्या क्लासातली एक गोष्ट मात्र सोन्यासारखी होती. मनगट टेकवलं की सर पट्टी मारायचे. हात अधांतरी ठेवूनच टाइप करायचं. आजचा सल्लाही तोच आहे: कीबोर्डपुढची मऊ गादी दोन वाक्यांच्या मधे हात टेकवायला असते, टाइप करताना नाही.

पुराव्याचं काय? इथे विक्रेते बरंच बोलतात, म्हणून थोडं जपून सांगतो. तुटक आणि उचललेल्या कीबोर्डवर मनगट जास्त सरळ राहतं, हे मोजून दाखवता येतं आणि दाखवलेलं आहे. त्यामुळे दुखणं बरं होतं का, हा वेगळा प्रश्न. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हातदुखी असलेल्या ८० जणांना चार प्रकारचे कीबोर्ड सहा महिने वापरायला दिले. त्यातल्या एका वाकड्या कीबोर्डच्या गटाचं दुखणं साध्या कीबोर्डच्या गटापेक्षा कमी झालं, पण तेही काही महिन्यांनंतर. सगळे वेगळे आकार सारखे उपयोगी ठरले नाहीत. थोडक्यात, आशा ठेवायला जागा आहे, आठवड्याभरात चमत्कार व्हायला नाही. रात्री अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं बधिर होत असतील तर आधी डॉक्टर गाठा. कीबोर्ड हे औषध नव्हे.

आता बाजारात काय मिळतं ते बघू. सगळ्यात सौम्य प्रकार एकसंध पण मधून वाकवलेला. लॉजिटेकचा एर्गो के८६० या घराण्यातला. त्याच्या कळा मेकॅनिकल नाहीत, पण आकार उत्तम आणि शिकावं काहीच लागत नाही. मेकॅनिकलमध्ये या आकाराला ‘अ‍ॅलिस’ म्हणतात. कीक्रॉनचे व्ही८ आणि व्ही१० त्यातले. मनगटाचा बाक कमी होतो, पण हात खांद्यांइतके लांब जात नाहीत आणि अ‍ॅलिसमध्ये तंबू जवळजवळ नसतोच. तक्रार नुकती सुरू झाली असेल आणि घरात तोच कीबोर्ड इतरांनीही वापरायचा असेल, तर इथेच थांबायला हरकत नाही.

दुसरा प्रकार दोन सुट्या तुकड्यांचा, पण ओळी नेहमीसारख्याच सरकलेल्या. कायनेसिस फ्रीस्टाइल एज, कीक्रॉन क्यू११ हे या जातीचे. बोटांना नवीन काही शिकायचं नाही, फक्त तुकडे दूर ठेवायचे. मधे चहाचा कप किंवा शब्दकोश मावतो, ही माझ्या धंद्यात लहान सोय नाही. हा प्रकार मला सगळ्यात कमी लेखला गेलेला वाटतो. हौशी मंडळी त्याच्याकडे जरा नाक मुरडूनच बघतात, कारण त्यात शौर्य नाही.

शौर्य तिसऱ्या प्रकारात. एर्गोडॉक्स, मूनलँडर, व्हॉयेजर, लिली५८, कॉर्न अशी नावं. यांत कळा उभ्या रांगांत असतात आणि प्रत्येक रांग त्या त्या बोटाच्या लांबीप्रमाणे वरखाली केलेली असते: मधल्या बोटाची सगळ्यात वर, करंगळीची खाली. बोटं तिरपी न जाता सरळ वरखाली होतात. खरी गंमत अंगठ्याची. साध्या कीबोर्डवर हातातली दोन सगळ्यात दणकट बोटं मिळून एक स्पेसबार दाबतात, आणि बिचाऱ्या करंगळीकडे शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस, कंट्रोल असं अख्खं खटलं. या कीबोर्डांत ते काम अंगठ्यांकडे देता येतं. मात्र अंगठ्याच्या कळा दूर असल्या तर अंगठाच दुखायला लागतो. एर्गोडॉक्सबद्दल लहान हातांच्या लोकांची ही तक्रार जुनी आहे.

चौथा प्रकार वाटीचा: कायनेसिस अ‍ॅडव्हान्टेज, ग्लोव्ह८०, आणि घरी थ्रीडी प्रिंटरवर बनवायचे डॅक्टिल. कळा खोलगट भागात बसवलेल्या, बोट न ताणता पोचावं म्हणून. माझ्या हातांना सगळ्यात जास्त आराम इथे मिळाला, एका परिचिताच्या टेबलावर, अर्ध्या तासासाठी. मग किंमत ऐकली. मूनलँडर, ग्लोव्ह८०, अ‍ॅडव्हान्टेज३६० ही सगळी मंडळी तेव्हा साडेतीनशे ते साडेचारशे डॉलरांच्या घरात होती, त्यावर कुरियर, सीमाशुल्क आणि जीएसटी. बिघडला तर परत पाठवण्याचा खर्चही आपलाच. परदेशात राहणाऱ्या भाच्याला येताना आणायला सांगणं हा सर्वमान्य मराठी मार्ग आहेच.

इथवरचं कुठल्याही भाषेत टाइप करणाऱ्याला लागू. मराठीत टाइप करणाऱ्याने आणखी एक गोष्ट बघायला हवी, आणि ती मला कुठल्याही परीक्षणात सापडली नाही; चटका बसल्यावर कळली.

संगणकावर मराठी टाइप करण्याच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत मात्रा डाव्या हाताखाली आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताखाली असतात. लिहिताना हात आळीपाळीने चालतात, म्हणून तुकड्यांच्या कीबोर्डवर इन्स्क्रिप्ट विलक्षण छान बसतं. ‘व’ डाव्या तुकड्यात, ‘ब’ उजव्यात, घोळ होत नाही. पण इंग्रजीची अक्षरं २६, त्यांच्या सव्वीस कळांत मराठी मावत नाही. इंग्रजीत ज्या कळांवर कंस, अवतरणचिन्ह, बरोबरचं चिन्ह असतं तिथे मराठीचा संसार आहे. पीच्या उजवीकडच्या कंसावर ड आणि ढ. अवतरणचिन्हावर ट आणि ठ. उलट्या तिरप्या रेघेवर ‘डॉक्टर’मधला अर्धचंद्र. बरोबरच्या चिन्हावर ‘कृपा’तला ऋकार. आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह क्ष, ज्ञ, त्र, श्र.

कॉर्नला कळा ४२. आकड्यांची ओळ नाही, कंस नाहीत. ते सगळं दुसऱ्या लेयरमध्ये, म्हणजे अंगठ्याने एक कळ दाबून धरल्यावर मिळतं. प्रोग्रामर इंग्रजीत कोड लिहितो, त्याला कंस लेयरमध्ये चालतो. मी मागवलेला असाच ४२ कळांचा कीबोर्ड पहिल्या संध्याकाळी जोडला आणि सवयीने ‘वडापाव’ टाइप केलं. आलं ‘व’, मग आधीचा ‘व’ पुसला गेला, मग ‘ापाव’. ड च्या जागी बॅकस्पेस बसला होता. गाडी, घोडा, थोडं, पडलं, डोकं: ड शिवाय एक परिच्छेद लिहून बघा म्हणजे कळेल. बॅकस्पेस अंगठ्याकडे पाठवून ड त्याच्या जागी आणला, पण मग डॉक्टरचा अर्धचंद्र आणि कृपेचा ऋकार रस्त्यावर. चौतीस-छत्तीस कळांच्या चिमुकल्या कीबोर्डांत तर उजवीकडची ती शेवटची रांगच नसते, म्हणजे ट सुद्धा गेला. ते सुंदर दिसतात, खिशात मावतात. मराठी लिहिणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

याउलट अंगठ्याचा फायदा मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त होतो. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, थ, ध, फ, भ, ण, ळ, श आणि सगळे सुटे स्वर शिफ्टवर. साध्या ‘आहे’ला शिफ्ट, आणि ‘आहे’ दिवसातून किती वेळा लिहितो ते मोजायची सोय नाही. शिफ्ट करंगळीकडून काढून अंगठ्याखाली आणला, तो दिवस माझ्या लेखी कीबोर्ड घेतल्याच्या दिवसापेक्षा मोठा. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. त्यांना कंसांची फिकीर नाही, पण ‘महाराष्ट्र’ लिहिताना इंग्रजी ए चार वेळा दाबावा लागतो, तोही डाव्या करंगळीने.

कळा अशा हलवता येतात त्या कीबोर्डमधल्या छोट्या प्रोग्राममुळे. क्यूएमके आणि झेडएमके ही त्यांची दोन प्रचलित नावं. व्हाया नावाच्या सोप्या साधनाने माउसने कळ उचलून दुसरीकडे ठेवता येते. एक सापळा ध्यानात ठेवा. इंग्रजीसाठी ड्वोरॅक किंवा कोलमॅक मांडणी कीबोर्डमध्येच भरली, तर इन्स्क्रिप्टची अक्षरंही तितकीच विस्कटतात, कारण संगणकाला कळीची जागा दिसत नाही, तिचा क्रमांक दिसतो. तशी हौस असेल तर मराठीसाठी नेहमीच्या मांडणीचा वेगळा लेयर ठेवा. मधल्या ओळीतली कळ दाबून धरली की कंट्रोल, सोडली की अक्षर, ही युक्तीही हौशी मंडळींत लोकप्रिय आहे. पण इन्स्क्रिप्टमध्ये हलन्त त्याच ओळीत डाव्या मधल्या बोटाखाली आहे, आणि जोडाक्षर भरभर लिहिताना तो हमखास कंट्रोल होऊन बसतो.

आता राहिले स्विच, ज्यांच्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी थोडक्यात उरकतो. जर्मनीतल्या चेरी कंपनीचा एमएक्स स्विच १९८० च्या दशकात आला, त्याचं पेटंट संपल्यावर गेटरॉन, काइल वगैरे चिनी कंपन्यांनी तसेच स्वस्तात बनवले आणि काही बाबतीत सरसही. लाल सरळ खाली जातो, तपकिरीत अर्ध्या वाटेवर बारीकसा उंचवटा लागतो, निळा वाजतो. लाल दाबायला सुमारे ४५ ग्रॅमचा जोर पुरतो आणि ४ मिलिमीटरच्या प्रवासात निम्म्यावरच अक्षर उमटतं. म्हणजे कळ तळापर्यंत आपटायची गरज नसते. हाच मेकॅनिकलचा हाताला होणारा खरा फायदा, तोही न आपटण्याची सवय लावून घेतली तर. निळा घरात आणू नका. स्विच हाताने उपसून बदलता येतात असा, ज्याला हॉटस्वॅप म्हणतात, तोच कीबोर्ड घ्या, म्हणजे निवड चुकली तरी कीबोर्ड वाया जात नाही. मेकॅनिकल कीबोर्ड जाड असतात, त्यामुळे मनगट वर वाकतं. एक तर बुटक्या स्विचचा घ्या, नाहीतर टेबल खाली करा.

टेबल! हा मुद्दा खरं तर सगळ्यात आधी यायला हवा होता. आपण बहुतेक जण जेवणाच्या टेबलावर काम करतो, आणि ते कोपरापेक्षा उंच असतं. अशा टेबलावर साडेचारशे डॉलरचा कीबोर्डही खांदे वर उचलूनच वापरावा लागतो. खुर्ची उंच करा आणि पाय लोंबकळायला लागले तर खाली जेवायचा पाट ठेवा. माझी बरणी सहा महिन्यांत उघडायला लागली, पण त्याच काळात मी तुकड्यांचा कीबोर्डही घेतला होता आणि पायाखाली पाटही ठेवला होता. श्रेय कोणाचं, हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही. पाट घरातच होता.

घेण्याआधी हात लावून बघायला दुकानात हे कीबोर्ड क्वचितच मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सोल्डरगनपासून केबलपर्यंत सगळं मिळेल, पण तुकड्यांचा कीबोर्ड मागितलात तर दुकानदार काळजीने बघेल. म्हणून दोन युक्त्या. पहिली, कीबोर्डचा आराखडा खऱ्या मापात कागदावर छापा आणि त्यावर हात ठेवा. कळ ते कळ अंतर साधारण १९ मिलिमीटर असतं, छापल्यावर फूटपट्टीने तपासा. अंगठा कुठे पोचतो आणि कुठे नाही ते पाच मिनिटांत कळतं. दुसरी युक्ती त्याहून चांगली: घरातले दोन साधे कीबोर्ड एकाच विंडोज संगणकाला लावा, एक डाव्या हाताला, एक उजव्या, आणि दोन्ही खांद्यांइतके दूर. एकाचा शिफ्ट दुसऱ्यावर चालतो. मॅकवर मात्र चालत नाही. आठवडाभर असं काम करून मनगटाला फरक जाणवला तर पैसे घाला. नाही जाणवला तर पैसे वाचले.

स्वतः जोडायचा संच घेणार असाल तर एकच इशारा. दोन तुकड्यांमधली हेडफोनसारखी गोल पिनेची केबल यूएसबी चालू असताना काढू नका. शॉर्ट होऊन आतली चिप जाऊ शकते.

शिकण्याचा काळही हिशेबात धरा. ओळी सरकलेल्या प्रकाराला दोन-तीन दिवस. उभ्या रांगांच्या प्रकारावर माझा वेग पहिल्या आठवड्यात निम्म्यावर आला, तिसऱ्या आठवड्यात लाज वाटेनाशी झाली. काम अंगावर असताना सुरू करू नका. लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी तर या फंदात मुळीच पडू नये. मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द परीक्षा केंद्रावरच्या साध्या कीबोर्डवरच काढायचे असतात.

माझं मत विचाराल तर मराठीत रोज लिहिणाऱ्याने पहिला कीबोर्ड दुसऱ्या प्रकारातला घ्यावा: दोन तुकडे, नेहमीच्या ओळी, सगळे कंस जागच्या जागी, आकड्यांचा वेगळा उजवा गठ्ठा नसलेला, म्हणजे माउस जवळ येतो. तंबूसाठी दार अडवायच्या रबरी पाचरी खाली ठेवल्या तरी चालतं, माझ्याकडे त्याच आहेत. वर्षभरानंतर करंगळी कुरकुरत असेल तर उभ्या रांगांकडे वळा. पण तेव्हाही आकड्यांची ओळ असलेलाच घ्या, आणि पैसे भरण्याआधी चित्र मोठं करून पीच्या उजवीकडे निदान एक कळ आहे ना ते बघा. मराठीत तिथे ड असतो.